आघाड्याला आवतन

आमचे सासरे झाडांना आमंत्रण देतात.

पाहुण्यांना देतात तसंच. एखादं झुडूप औषधासाठी उपटायचं असलं की आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला ते धोतर सारखं करतात, डोक्यावर टोपी ठेवतात, माझ्या डिनर सेटमधली एक वाटी घेतात, तिच्यात चार तांदूळ आणि चिमूटभर कुंकू टाकतात आणि निघतात. झुडपापाशी जाऊन उकिडवे बसतात. त्याच्या बुडाशी कुंकू-तांदूळ वाहतात, हात जोडतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "सकायले लेवाले येसू. अमक्यानं काम शे. राग धरू नको." म्हणजे सकाळी न्यायला येतो, अमक्याचं काम आहे. मग उठतात आणि मागे वळून न पाहता, वाटेत कुणाशी अवाक्षर न बोलता घरी येतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, आपली सावली झाडावर पडणार नाही अशा बेताने जाऊन ते झाड घेऊन येतात. याला ते आवतन म्हणतात. आमच्या खानदेशात जेवायच्या बोलावण्याला आवतन म्हणतात, तेच हे.

"कशासाठी एवढं, आबा?" असं मी लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "झाडले बी मन शे, माय. न सांगता उपाडं ते झाड येस, गुन तठेच राही जास." म्हणजे न सांगता उपटलेलं झाड हाती येतं, पण त्याचा गुण तिथेच मातीत राहतो. आबांच्या अहिराणी बोलीत 'ळ' नाही, सकाळची सकाय होते आणि गोळीची गोय. मी जळगाव शहरातली, शाळेत मराठी शिकवणारी. मला सुरुवातीला निम्मं कळायचंच नाही.

दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या खेड्यात हे सगळं शोभत होतं. तिथे उखाआबा म्हटलं की लोक ओट्यावर जागा करून देत. पण धुळ्यात देवपुराकडे आमची कॉलनी, दारांना नावाच्या पाट्या, गेटांना रंग. तिथे हा कार्यक्रम सुरू झाला आणि माझी झोप उडाली.

पाटकर मॅडम आमच्या समोर नव्याने राहायला आल्या होत्या, नाशिकहून बदली होऊन. त्यांच्या गेटच्या बुडाशी आघाडा उगवलेला. आबांनी एका संध्याकाळी तिथे कुंकू-तांदूळ वाहिले आणि सांगून आले, सकाळी येतो. मॅडम गेटच्या आतच उभ्या होत्या. त्यांना वाटलं, शेजारचं वडीलधारं माणूस रीतभात पाळून घरी येण्याची वर्दी देतंय. बिचारीने पहाटे उठून उपमा केला. आबा आले, गेटशी बसले, आघाडा मुळासकट उपटून पिशवीत घातला आणि मागे न बघता निघून गेले. मॅडम उपम्याची बशी हातात घेऊन दारात उभ्या. दुपारी त्या माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "तुमचे सासरे काल येतो म्हणाले, आले आणि न बसताच गेले. माझं काही चुकलं का हो?"

मला सांगावं लागलं, "मॅडम, ते तुम्हाला नाही म्हणाले. आघाड्याला म्हणाले."

त्या क्षणी माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ही लाज मला आता ओळखीची झाली आहे. आधी कान तापतात, मग मान, मग मी हसायला लागते. लोकांना वाटतं, किती खेळकर सून आहे.

आबा आमच्याकडे आले ते सासूबाई गेल्यावर. आले म्हणजे आम्ही आणले. तेरावा झाला, सुनीलने टेम्पो बोलावला, त्यात दोन पेट्या, खाट, पितळी तांब्या चढवला आणि शेवटी ड्रायव्हरशेजारी आबांना बसवलं. सुनील म्हणजे माझे मिस्टर. "येता का?" असं आबांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्यात विचारण्यासारखं काय होतं? एकटा म्हातारा माणूस, गावात करणार कोण? आबा नुसते टेम्पोतून मान बाहेर काढून बांधावरच्या झाडांकडे बघत राहिले. इथे आल्यावर महिनाभर खाटेवर बसून होते. एक दिवस पाण्याच्या टाकीमागे त्यांना सोनामुखीचं झुडूप दिसलं आणि त्यांची गाडी रुळावर आली. आमची घसरली.

सुनीलचं कोपऱ्यावर मेडिकल आहे. दुकानाबाहेर गिऱ्हाइकांसाठी बाकडं आहे. मुलगा आत गोळ्या विकतोय आणि बाप बाहेर बाकड्यावर बसून येणाऱ्याला विचारतोय, "काय व्हस तुले? जीभ दखाड." आबांचं सगळं निदान जिभेवरून. जीभ बघून झाली की ठरलेलं वाक्य, "पोट साफ ते बठ्ठं माफ! ह्या रंगीत गोया खाईसन काय व्हई?" बठ्ठं म्हणजे सगळं. सुनील स्वभावाने गरीब. एकदाच धीर करून म्हणाला, "आबा, हे दुकान आहे." तर आबा म्हणाले, "मंग? मी कोठे म्हनस देऊय शे म्हनीन?"

गॅसच्या टाक्या आणणाऱ्याने त्यांना जीभ दाखवली आहे. पोस्टमनने दाखवली आहे. निवडणुकीत मत मागायला आलेला एक उमेदवार त्यांच्या पाया पडला, तर आबांनी त्याची हनुवटी धरून वर केली. साहेबांनी जीभ काढली म्हटल्यावर मागच्या कार्यकर्त्यांनीही काढल्या. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत होते, गळ्यात उपरणी घातलेली सगळी रांग जीभ काढून उभी. मी गॅलरीतून आत गेले आणि पडदा ओढून घेतला.

मी मात्र त्यांना कधी जीभ दाखवली नाही. सून आहे मी, बाजारातली गाय नाही, असं मी सुनीलला स्वच्छ सांगून टाकलं होतं. आबा अधूनमधून आशेने विचारायचे, "माय, तुनी जीभ दखू?" मी म्हणायचे, "शाळेला उशीर होतोय, आबा," आणि पर्स उचलायचे. रविवारीसुद्धा.

आता कुणाला वाटेल, म्हाताऱ्याच्या हाताला यश असेल. तसं काही मनात आणू नका. आबांचं निम्मं लागू पडतं, निम्मं पडत नाही आणि कोणतं निम्मं कोणतं हे त्यांनाही ठाऊक नसतं. सुनीलच्या डोक्यावर त्यांनी वर्षानुवर्षं माक्याचं तेल चोळलं. माक्याला दर वेळी रीतसर आवतन होतं. तरी सुनीलच्या टाळूवर गवताची काडी उगवली नाही, उलट होते ते केसही गेले. "माका बरोबर शे, डोकंच खोटं शे," असं आबा म्हणतात. एक मात्र आहे, कुणी छातीत दुखतंय म्हणालं किंवा ताप उतरत नाही म्हणालं की ते जीभ बघत नाहीत. "आठे बसू नको, डॉक्टरकडे पय," म्हणून हाकलून देतात.

पावसाळ्यात आमच्याकडे भाजी विकत येत नाही. शाळेच्या कुंपणालगतचा तरोटा, क्रिकेटच्या मैदानावरची चिवळ, नाल्याच्या काठचा तांदुळजा, लळिंगच्या डोंगरातली कटुर्ली आणि भाकरीबरोबर कच्ची खायला पाथरीची पानं. आबा पिशवी भरून आणतात, ओट्यावर बसून निवडतात आणि मला करायला लावतात. मुगाची डाळ घालून केलेली चिवळ फार चवदार लागते, हे मी स्वयंपाकघरात कबूल करते. शाळेत डबा उघडला की बायका विचारतात, कसली हो भाजी? मी पालक सांगते. तरोट्याला मेथी सांगते. एकदा एका बाईंनी मागून चाखली आणि म्हणाल्या, "तुमचा पालक कुठला हो, वेगळाच लागतो." मी म्हटलं, जळगावचा.

एका दुपारी आम्ही शिक्षिका रिक्षाने आग्रा रोडवरून चाललो होतो. माझ्या शेजारी आमच्या मुख्याध्यापिकाबाई, कडक इस्त्रीच्या साडीत. रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर धोतर खोचून एक म्हातारा वाकलेला दिसला. मी लगेच दुसरीकडे बघायला लागले. पण आबांची नजर घारीची. "अय सुनबाई! थांब!" दोन्ही हात वर करून ते रिक्षापुढे आले. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक दाबला. आबांनी चिखलाने भरलेली पुनर्नव्याची मोळी सरळ मुख्याध्यापिकाबाईंच्या मांडीवर ठेवली, म्हणाले, "घर लई जा, मी आनखी लई येस." आणि बाईंकडे निरखून बघून, "माय, डोया खाले सूज शे तुन्या. जीभ दखाड."

बाईंनी नाही दाखवली. पण त्या दिवसापासून मला स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोरची खुर्ची सोडून कोपऱ्यातली आवडायला लागली.

हे सगळं चालून जायचं, कारण ते आमच्या आमच्यात होतं. मग तेजलचं लग्न ठरायची वेळ आली.

तेजल आमची एकुलती एक मुलगी. पुण्याला नोकरी करते. आबांचा तिच्यावर जीव. लहानपणी तिला खोकला झाला की हे अडुळशाच्या झाडाला आवतन द्यायला जाताना तिला खांद्यावर बसवून न्यायचे, तीही हात जोडून "राग धलू नको" म्हणायची. आता मोठी झाली, तिच्या मैत्रिणी घरी आल्या की आबांना मागच्या खोलीत टीव्ही लावून देते. मी तिला काय बोलणार? तो टीव्ही आधी मीच लावून दिलेला.

स्थळ जामनेरचं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, वडिलांची बाजार समितीत आडत. सुनीलच्या नात्यातले काशिनाथभाऊ मध्यस्थ. पाहुणे सकाळी यायचे, जेवून चार वाजता निघायचे, असा बेत. मी आदल्या दिवशी आबांसमोर पाट घेऊन बसले. म्हटलं, "आबा, उद्या कुणाची जीभ बघायची नाही. पोट हा शब्द काढायचा नाही." आबा म्हणाले, "नई काढाव, माय." आणि त्यांनी शब्द पाळला असता. माझी अजून खात्री आहे.

पण चहाच्या वेळी होणारे व्याहीच पोटावरून हात फिरवत म्हणाले, "प्रवास आणि बाजाराची दगदग. दोन-तीन दिवस पोट साफ नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आबांनी मांडीखाली हात दाबून धरले. व्याह्यांनी ढेकर दिला. आबांनी डोळे मिटले. व्याह्यांनी आणखी एक दिला आणि मग आबांच्या तोंडून सुटलंच, "व्याहीबुवा, जीभ दखाडा."

व्याहीबुवा मोठे धिप्पाड गृहस्थ. त्यांनी एवढी जीभ बाहेर काढली. मुलाची आईही वाकून बघायला लागली. आबा उठून मागच्या दाराने गेले आणि मूठभर सोनामुखीचा पाला घेऊन आले. माझ्या चहाच्या पातेल्यात टाकला. मी दातओठ खाऊन हळूच म्हटलं, "आबा, हात जोडते." ते म्हणाले, "पाहुनानं पोट दुखी ऱ्हायनं आनि मी दखत बसू का?" त्यांचा चेहरा इतका कळवळलेला होता की मी गाळणी शोधायला वळले. सोनेरी काठाच्या कपात काढा गेला. व्याह्यांनी भिडेखातर घोटाघोटाने पूर्ण कप संपवला.

मग भरीत-पुरी झाली, खीर झाली. सगळे हसतखेळत जेवले. चार वाजता पाहुणे गाडीत बसले, व्याहीबुवांनी आबांच्या पाठीवर थाप मारली आणि मी गणपतीपुढे साखर ठेवली.

दिवेलागणीनंतर काशिनाथभाऊंचा फोन आला. ते त्याच गाडीत होते. सुनील फोन नेहमी स्पीकरवर टाकतो, त्याला कानाला लावायचा कंटाळा. भाऊ सांगत होते, "मुकटीला गाडी थांबली. आम्हाला वाटलं, फोन करायचा असेल. पारोळ्याला थांबली, तेव्हा शंका आली. एरंडोलला हॉटेलवाल्याने ओळखदेख नसताना मागच्या खोलीची किल्ली दिली, त्याच्या तोंडात साखर पडो. पाळधीला तर व्याहीबुवांनी थांबवा म्हणून सांगितलंसुद्धा नाही, चालत्या गाडीचं दारच उघडलं!"

मी डोक्याला हात लावून खाली बसले.

"आता बरे आहेत," भाऊ म्हणाले. "घाबरू नका. मुलगी पसंत, साखरपुडा जामनेरला पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी. फक्त विहीणबाई म्हणतात, तुमच्याकडून कुणी काही उकळून आणायचं नाही. आणि आबांना जरा आवरा हो, बाजारात नाव आहे त्या माणसाचं." आणि ते खो खो हसले. सुटकेच्या आनंदात सुनीलही हसला.

दारात आबा उभे होते. हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मनं चुकनं," ते म्हणाले. "आवतन दिधं नई मी. पाहुना बसेल व्हता, घाई व्हयनी. झाड रागावनं."

"अहो आबा, मूठभर पाला टाकलात तुम्ही! झाड कशाला रागावेल?" मी म्हटलं. पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी तांब्या ठेवला, खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली आणि मागच्या खोलीत जाऊन खाटेवर बसले.

दुसऱ्या संध्याकाळी ते टाकीमागे गेले, सोनामुखीची माफी मागायला. तेवढंच. त्यानंतर पिशवीला हात लावला नाही. बाकड्यावर गेले नाहीत. गॅसवाला विचारायला लागला, आबा गावाला गेले का? पाटकर मॅडमच्या गेटशी नवा आघाडा गुडघ्याएवढा झाला, त्यांनीही विचारलं. मी म्हटलं, बरं नाही त्यांना. ताटात काय वाढलं हे ते बघत नव्हते. विकतचा कोबी निमूटपणे खात होते. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी देव पाण्यात घातले होते ती घरात आली होती आणि मला ती सहन होत नव्हती.

एका दुपारी सुनील दुकानातून जेवायला आला आणि ताटावर नुसता बसून राहिला. म्हटलं, काय झालं? म्हणाला, "आबांनी आज माझ्याकडे गॅसची गोळी मागितली." एवढं बोलून तो भाताशी चाळा करत राहिला. मुलाच्या दुकानातली गोळी बापाने मागितली, याचं त्याला रडू येत होतं.

साखरपुड्याचं बोलणं निघालं तेव्हा आबांनीच सांगून टाकलं, "मी येवाव नई. घर कोन सांभायी?" सुनील "बरं" म्हणाला. जरा लवकरच म्हणाला. पुण्याहून आलेली तेजल मला ओट्यापाशी गाठून म्हणाली, "आई, एका अर्थी बरंच झालं ना?" मी तिला रागावले नाही, कारण मलाही हलकं वाटलं होतं. गाडीत बसायचं कसं, कोण कुणाशेजारी, याचा हिशेब एकदम सोपा झाला होता. हे सांगताना माझी मान वर होत नाही. पण वाटलं होतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मी साड्या वाळत घालायला गच्चीवर गेले. दोरीवर आबांची टोपी होती. धुतलेली, नीळ दिलेली, कडक. शेजारी त्यांचं ठेवणीतलं धोतर. खाली आले तर मागच्या दाराशी त्यांच्या वहाणा, तेल लावून उन्हात ठेवलेल्या.

मी विचारलं, "आबा, टोपी कशाला धुतली?"

"कसाले म्हंजे? मयकी व्हयेल व्हती, धुई टाकी." ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. सकाळी न्हाव्याकडे जाऊन दाढी करून आले होते, गालावर कापल्याची बारीक रेघ होती.

ते यायला तयार होऊन बसले होते. कुणीतरी म्हणेल म्हणून धुऊन-पुसून बसले होते आणि घरात कुणी म्हणत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले. मला तो टेम्पो आठवला. ड्रायव्हरशेजारी बसवलेले आबा, मान बाहेर काढून बांधाकडे बघणारे. न सांगता उपाडं ते झाड येस. किती वेळा ऐकलं होतं मी ते आणि दर वेळी मला फक्त शेजारपाजारचे लोक काय म्हणतील एवढंच सुचलं होतं. लाज मला आजवर त्यांची वाटायची. त्या दुपारी माझी मला वाटली आणि या लाजेला हसून निभावता येत नाही.

दिवेलागण झाली. मी तोंड धुतलं, पदर सारखा केला, डिनर सेटमधली वाटी घेतली. चार तांदूळ, चिमूटभर कुंकू. सुनीलने विचारलं, "कुठे निघालीस?" मी उत्तर दिलं नाही. वाटेत बोलायचं नसतं. वाट म्हणजे आमचा पॅसेज, पण नियम तो नियम. तेजल उघड्या तोंडाने बघत राहिली.

आबा खाटेवर पाय खाली सोडून बसले होते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. त्यांच्या पायांवर कुंकू-तांदूळ वाहिले. हात जोडले. अहिराणी मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, जीभ वळेना. पण वाक्य पाठ होतं.

"सकायले लेवाले येसू, आबा. तेजलनं काम शे. राग धरू नका."

आबा काही बोलले नाहीत. हललेसुद्धा नाहीत. झाड कुठे बोलतं? मी उठले आणि मागे वळून न बघता परत आले. वळून बघावंसं फार वाटलं.

सकाळी गाडी दाराशी आली तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. मी पैठणी नेसून मागच्या खोलीकडे गेले. पॅसेजमधला दिवा माझ्या पाठीमागे होता. माझी सावली त्यांच्यावर पडेल म्हणून मी तो आधी बंद केला. आबा अंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून खाटेवर तसेच बसले होते, जणू रात्रभर जागचे हलले नव्हते.

मी म्हटलं, "चला, आबा."

ते उठले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "निस्ता पाला लई जाशी, माय, का मुयासकट?"

मला आधी कळलं नाही. मग खुंटीवरच्या पिशवीकडे त्यांची नजर गेलेली दिसली आणि कळलं, नुसतं त्यांनाच न्यायचं की पिशवीसकट, जिभा बघण्यासकट. विहीणबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. कार्यालयात मांडलेल्या खुर्च्या, बाजारातली प्रतिष्ठित मंडळी, त्यांच्या जिभा, सगळं आलं. कान तापायला लागले.

"मुळासकट, आबा," मी म्हटलं.

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली. वहाणा घातल्या. दारापर्यंत आले आणि थांबले. बाहेर गाडीत सुनील, तेजल, पुढे ड्रायव्हर. समोरच्या गेटशी पाटकर मॅडम शुभेच्छा द्यायला उभ्या. आबा माझ्याकडे वळले आणि चाचरत, नाही म्हटलं तरी चालेल अशा आवाजात म्हणाले, "माय, तुनी जीभ दखू?"

मी पैठणीचा पदर सावरला आणि सगळ्यांसमोर, काढता येईल तेवढी जीभ बाहेर काढली.

आबा वाकून बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण ते बघून होईपर्यंत मी जीभ आत घेतली नाही.